ती नदी खरी की रंगवलेली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सेस्मिकचं, म्हणजे ध्वनिलाटा सोडून समुद्रतळाखालचे तेल-वायू शोधण्याचं काम करतो म्हटलं की लोक आधी भूकंपाचं विचारतात. पण एकदा का स्क्रीनवरचा नकाशा पाहिला, की पुढचा प्रश्न ठरलेला: समुद्रतळाच्याही खाली ही लाल-निळी नागमोडी नदी दिसते, ती खरी की तुम्हीच रंगवलेली?

रंग आमचे, वळणं तिची.

जहाजामागून ओढत नेलेल्या एअरगन पाण्यात दाबलेली हवा सोडून दणका देतात. त्याच्या लाटा खाली जातात, थराथरावरून थोड्याथोड्या परततात आणि लांबलचक केबलींमधले हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले माइक, त्या टिपतात. या दणक्यात अनेक फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला कमीजास्त कंपनं असलेल्या लाटा, एकत्र असतात. शेलमध्ये, म्हणजे चिखलापासून झालेल्या खडकात दबलेला वाळूचा थर पातळ असला, तर त्याच्या माथ्यावरून आणि तळावरून येणारे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. जाडी तरंगलांबीच्या पाव भाग भरली की दोन्ही एकमेकांना जोर देतात. लाटेचा वेग सेकंदाला २४०० मीटर धरा: ३० हर्ट्झला २० मीटरचा थर उठून दिसेल, ६० हर्ट्झला १० मीटरचा, १५ हर्ट्झला ४० मीटरचा. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर रंग उमटतात, त्यामागेही हेच गणित. रंग पेट्रोलचा नसतो, त्या पापुद्र्याच्या जाडीचा असतो.

मग आम्ही या फ्रिक्वेन्सी सुट्या करतो. खालच्या पट्टीला लाल, मधल्या पट्टीला हिरवा, वरच्या पट्टीला निळा रंग द्यायचा आणि तिन्ही चित्रं एकावर एक ठेवायची. जाड गाळ भरलेला मधला पट्टा लाल होतो, पातळ होत गेलेले काठ निळे. ग्रेग पार्टिका, जेम्स ग्रिडली आणि जॉन लोपेझ या संशोधकांनी १९९९ साली मेक्सिकोच्या आखातातले मिसिसिपीचे प्लाइस्टोसीन, म्हणजे हिमयुगांच्या काळातले प्रवाह असे उलगडून दाखवले आणि ही पद्धत सगळीकडे पसरली.

आपल्याकडे यासाठी आंध्रच्या किनाऱ्यालगतच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यासारखी दुसरी जागा नाही. तिथल्या खोल समुद्रातल्या 'नद्या' मात्र कधीच उघड्यावर वाहिलेल्या नाहीत. नदीने किनाऱ्यापाशी आणून टाकलेला गाळ उतारावरून घसरतो, पाण्याखालीच गढूळ लोंढा होऊन धावतो, तळ कोरतो आणि काठावर सांडून दोन्हीकडे बांध घालतो. हिमयुगात समुद्र सुमारे १२० मीटर खाली गेला होता, तेव्हा नद्यांचं तोंड थेट त्या उताराजवळ आलं.

नाशिकचे मित्र इथे खूश होतात: म्हणजे ती वाळू आमची! वाळू बहुतेक नाही. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसतो. तो गोदावरीला मिळतो पुढे पूर्वेकडच्या ग्रॅनाइट आणि नाइस या खडकांच्या मुलखातून. बेसाल्ट झिजून होते ती काळी चिकणमाती, म्हणजे आपला वाटा चिखलात. त्यात कमीपणा काही नाही. वाळूतला वायू वर निसटू देत नाही तो असा चिखलच.

आता या चित्राचा खरा धोका. ते इतकं देखणं असतं की बैठकीत कोणी प्रश्नच विचारत नाही. रंग जाडी सांगतो, तोही वेग गृहीत धरून. आत वाळू आहे की प्रवाहाने ती वाट सोडल्यावर साचलेला चिखल, वायू आहे की खारं पाणी, हे त्यात नसतं. ते विहीर खणून, तिच्या नोंदी चित्राशी जुळवूनच कळतं. आणि चॅनल, म्हणजे लोंढ्याने कोरलेली अशी वाट, सापडला तरी त्यातले वाळूचे कप्पे एकमेकांशी जोडलेले असतील असं नाही. केजी-डी६ या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्याच ब्लॉकमधल्या डी१-डी३ या चॅनल-बांधांच्या वायूक्षेत्रातून एप्रिल २००९ मध्ये उत्पादन सुरू झालं, अपेक्षेपेक्षा फार लवकर घसरलं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये थांबलं.

म्हणून कोणी असं चित्र दाखवलं की मी आधी विचारतो, तीन फ्रिक्वेन्सी कुठल्या घेतल्यात? आणि जवळची विहीर किती लांब आहे?