चंद्राच्या मातीतलं ट्रँक्विलिटाइट आणि १५ किलोव्होल्टचा फॉर्म : माझा अनुभव

चंद्राच्या मातीवर काम करते म्हटलं की सगळे एकच विचारतात, नासाकडून नमुना मिळाला कसा? तो सरांच्या प्रकल्पासाठी कर्जाऊ आलेला होता, माझ्या आधीपासून. तिजोरीत ठेवायचा, काढताना-ठेवताना वहीत सही करायची, काम झालं की परत पाठवायचा. त्यात मला काहीच अडचण आली नाही. अडलं ते आपल्याकडच्याच एका उपकरण केंद्रात, बुकिंगच्या फॉर्मपाशी. आजही आठवलं की डोकं तापतं.

माती अपोलो ११ची, १९६९ साली आणलेली, १ मिलिमीटरपेक्षा बारीक. कण रेझिनमध्ये बसवून पॉलिश केलेली छोटी चकती. मला हवे होते त्यातले बेसॉल्टचे, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या खडकाचे तुकडे. लाव्हा थिजताना अगदी शेवटी जो रस उरतो त्यात झिर्कोनियम, यिट्रियम, फॉस्फरस असली मंडळी साठतात, कारण आधीच्या खनिजांनी त्यांना घेतलेलं नसतं. ट्रँक्विलिटाइटसारखी झिर्कोनियमवाली दुर्मीळ खनिजं शोधायची ती याच फटींमध्ये. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात बेसॉल्टमधली नेहमीची खनिजं ओळखू येतात : प्लेजिओक्लेज काळपट दिसतं, पायरॉक्सीन राखाडी, इल्मेनाइट उजळ. अशाच एका फटीत मला एक बारीक पट्टी दिसली. इल्मेनाइटपेक्षा किंचित उजळ, पण शेजारच्या ट्रॉयलाइटपेक्षा (लोह आणि गंधकाचं खनिज) मंद. तिथेच मी थांबले.

पट्टीत कोणती मूलद्रव्यं आहेत ते कळायला तिचा क्ष-किरण स्पेक्ट्रम घेतला. लोह, टायटॅनियम, सिलिकॉन, आणि २ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टजवळ एक ठळक शिखर. सॉफ्टवेअरने त्यावर लेबल लावलं : फॉस्फरस. मला ते पटेना. चंद्रावरची नेहमीची फॉस्फेटं म्हणजे अ‍ॅपेटाइट आणि मेरिलाइट, दोन्ही कॅल्शियमची. इथे कॅल्शियम जवळजवळ नव्हतंच. फॉस्फरसची रेषा २.०१ला, झिर्कोनियमची २.०४ला. ईडीएसला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या क्ष-किरण मोजणाऱ्या यंत्राला, एवढा बारीक फरक कळत नाही, दोन्ही एकाच शिखरात मिसळतात. पण झिर्कोनियमची दुसरी रेषा १५.८च्या आसपास असते, तिथे गोंधळाला जागा नाही. ती दिसायला सूक्ष्मदर्शकाचं व्होल्टेज मात्र १८ किलोव्होल्टच्या वर हवं. आम्ही होतो १५वर.

व्होल्टेज वाढवायला वेळ लागत नाही. ऑपरेटर म्हणाले, "मॅडम, फॉर्मवर १५ लिहिलंय. मी १५च ठेवणार." त्यांचा दोष नव्हता, नियमच तसा. बदल हवा तर नवा अर्ज, सरांची सही, मग तांत्रिक समितीची मंजुरी, मग पुन्हा रांग. समिती बसणार कधी, हे कार्यालयात कुणालाच सांगता येईना. फोन केला की "फाइल वर गेलीय". प्रत्यक्ष गेले की "साहेब रजेवर". मग कळलं, अर्ज परत आलाय, कारण "व्होल्टेज वाढवण्याचे प्रयोजन" या रकान्यात मी दोन ओळींत कारण लिहिलं होतं आणि त्यांना वेगळं पत्र हवं होतं. पत्र दिलं. पुन्हा शांतता. तोवर चकती तिजोरीत पडून, आणि ती परत करायची तारीख जवळ येत चाललेली. संशोधनासाठी उभारलेल्या केंद्रात संशोधकाला एक आकडा बदलायला एवढं रडवायचं, हे मला आजही मान्य नाही.

म्हणून पहिल्याच फॉर्मवर "१० ते ३० किलोव्होल्ट" असं लिहा. एकच आकडा लिहू नका.

शेवटी २५वर स्लॉट मिळाला. १५.८ला शिखर हळूहळू वर येताना पाहिलं आणि मी खुर्चीतून उठलेच! पुढे मायक्रोप्रोबवर (मूलद्रव्यांचं नेमकं प्रमाण मोजणारं उपकरण) काम सरळ झालं : झिर्कोनियम ऑक्साइड १७ टक्क्यांच्या आसपास, लोह ऑक्साइड चाळीसच्या वर, सोबत टायटॅनियम, सिलिकॉन, थोडं यिट्रियम. बेरीज शंभराजवळ. ट्रँक्विलिटाइट! बिंदू पट्टीच्या मधोमध घ्या, कडेला घेतला तर शेजारचं खनिज आकड्यांत शिरतं. आणि शेजारी बॅडेलाइट नाही ना तेही बघा, त्यातही झिर्कोनियम असतं.

या खनिजाला नाव मिळालं ते अपोलो ११ जिथे उतरलं त्या शांतिसागरावरून. कित्येक वर्षं ते फक्त चंद्राचं मानलं जात होतं; २०११ साली पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या जुन्या डोलेराइट खडकात सापडल्याचं जाहीर झालं. चीनच्या छांग-अ ५ यानाने २०२०मध्ये १,७३१ ग्रॅम माती आणली, त्यातून २०२२ साली चेंजेसाइट हे नवं खनिज जाहीर झालं, सुमारे १० मायक्रॉनचा कण. ते मात्र फॉस्फेटच, तिथलं फॉस्फरसचं शिखर खरं. सॉफ्टवेअरचं लेबल कधी बरोबर असतं, कधी नसतं, बाकीची मूलद्रव्यं बघितल्याशिवाय ठरवू नका.

आणि हो, चकतीवर वीज वाहून नेणारा जो पातळ थर चढवतात, ते कोटिंग कार्बनचंच मागा. बऱ्याच ठिकाणी सवयीने सोनं नाहीतर प्लॅटिनम चढवतात. सोन्याची रेषा २.१२ला आणि प्लॅटिनमची २.०५ला, म्हणजे नेमकी झिर्कोनियमच्या अंगावर. फॉर्मवर तसा रकाना नसला तरी वर ठळक अक्षरात लिहा, आणि चकती हातात देताना तोंडीही सांगा.