कानाचं मशीन चांगलं होतं, गोंगाट सोसत नव्हता

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यात लेथ आणि ग्राइंडरच्या आवाजात आयुष्य गेलं, त्यामुळं कान गेले याचं नवल नव्हतं. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढला तर रेघ 4000 हर्ट्झच्या उंच सुरापाशी खड्ड्यात, सततच्या मोठ्या आवाजानं गेलेल्या कानाची ही खूण. माणूस बोलतोय हे कळायचं पण स, श, फ गळायचे, कुणी साठ म्हटलं की मला आठ ऐकू यायचं.

दोन्ही कानांना मशीन घेतलं. घरात एकदम झकास, नातू काय बोलतो ते कळायला लागलं. पण लक्ष्मीपुरीत बाजाराला गेलो की डोकं उठायचं, हॉर्न, भाजीवाल्यांची ओरड, शटर, सगळं एकदमच अंगावर. मिसळ खायला बसलो तर समोरच्या मित्रापेक्षा मागच्या टेबलावरच्या ताटल्या मोठ्या ऐकू यायच्या, थोड्या वेळात मान आखडायची आणि मशीन खिशात. दुकानवाला म्हणायचा सवय होईल काका, आणि आवाज कमी करून द्यायचा, मग बायकोचं बोलणं पण कमी व्हायचं. आमच्या गल्लीतल्या एका मामांना माझ्यापेक्षा कितीतरी कमी ऐकू येतं तरी ते सकाळी घातलेलं मशीन रात्री झोपतानाच काढतात, हे बघून जास्तच वाईट वाटायचं.

शेवटी मुलीनं दुसरीकडं, ऐकण्याची तपासणी करणाऱ्या एका ऑडिओलॉजिस्ट मॅडमकडं नेलं. त्यांनी बंद खोलीत बसवून स्पीकरवर गोष्ट लावली, म्हणाल्या, "काका, ऐकायला बरं वाटेल तिथं आवाज थांबवायला सांगा." मग त्याच गोष्टीमागं खूप माणसं एकदम बोलतात तसला कालवा सोडला आणि तो वाढवत नेला. "गोष्ट कळत राहिली पाहिजे आणि वैताग न येता, न दमता बराच वेळ बसता आलं पाहिजे, तिथवरच सांगा." मी लवकरच हात वर केला. दोन आकड्यांची वजाबाकी केली, फरक 15 डेसिबल निघाला. साधारण 7 च्या आत असलेली माणसं मशीन दिवसभर वापरतात, 13 च्या वर गेलं की मशीन कपाटात जायची शक्यता जास्त, असं मॅडमनी सांगितलं. अमेरिकेत ॲना नाबेलेक यांनी 1991 च्या अभ्यासात ही तपासणी मांडली, पण नंतरच्या काही अभ्यासांत तेवढा मेळ बसला नाही, म्हणून नुसत्या आकड्यावरून माणसाचा निकाल लावायचा नाही, हे पण त्यांनीच सांगितलं.

बायकोनं विचारलं, "कारखान्यात एवढा आवाज सोसला, मग आता बाजार का सोसत नाही ओ यांना?" मॅडम म्हणाल्या, ऐकू किती कमी येतं आणि बोलणं ऐकताना गोंगाट किती चालतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकावरून दुसरी ओळखता येत नाही. शिवाय असा कान बारीक आवाज घेत नाही पण मोठा झाला की तो चटकन नको वाटतो, मधली जागाच कमी होते. हे ऐकून मला खरंच हलकं वाटलं, इतके दिवस घरात सगळ्यांना वाटत होतं मी मनावर घेत नाही.

मग सेटिंग बदललं. सरसकट आवाज कमी न करता मोठ्या आवाजाला वरची मर्यादा घातली, बाजारासाठी वेगळा प्रोग्रॅम केला, त्यात पुढच्या बाजूचा माईक जास्त घेतो आणि गोंगाट दाबला जातो. गोंगाट दाबल्यानं शब्द फार स्पष्ट होतात असं नाही, पण दमायला होत नाही, आणि माझ्यासाठी तेच मोठं आहे. हॉटेलात आता भटारखान्याकडं पाठ आणि मित्राकडं तोंड करून बसतो, पुढच्या माईकचा फायदा तसाच मिळतो.

मशीन घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी ट्रायल मागा आणि ते घालून भर बाजारात फिरून या, बंद खोलीत सगळीच मशीनं गोड वाटतात. मिरवणुकीत डीजे आला की मी अजून मशीन काढतोच आणि फोमचे प्लग घालतो, उरलेला कान पण सांभाळायचा आहे.