वेतोबाच्या चपला

वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीला वेतोबाच्या देवळात पहिल्यांदा येणाऱ्या माणसाची नजर मूर्तीवरून खाली उतरते आणि चपलांवर अडकते. मूर्ती पुरुषभर उंचीहून मोठी, त्यामुळे चपलाही त्याच मापाच्या. जाड चामड्याच्या, रुंद पट्ट्यांच्या. माझी दोन्ही पावलं एका चपलेत सहज मावतील. नवसाला केळ्यांचे घड येतात तशा या चपलाही येतात. रात्री वेतोबा गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्यांचे तळवे झिजतात, अशी श्रद्धा.

मुंबईहून आलेले आमचे भाचे यावर हसतात. हसू देत. चामडं दमट हवेनं झिजतं की आणखी कशानं, या वादात मला रस नाही. देवाची माया म्हटलं की प्रसन्न चेहरा, वर उचललेला हात, तेजोवलय असलं काही समोर येतं. इथे ती तळव्याला दिसते. कोणासाठी तरी चालून चालून ज्याची वहाण झिजते, त्याच्याशी भांडताही येतं.

आमच्या शेजारची काकी तर भांडतेच. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा तिच्या परसातले माड आडवे झाले आणि कलमांखाली आंब्यांचा सडा पडला. वीज गेली ती कित्येक दिवस गेली. त्यात मुलगा मुंबईत, कोरोना होऊन दवाखान्यात. जायची सोय नाही, आणि वीज नाही म्हणून फोन बंद. देवळंही बंदच होती.

मग काकीने अंगणातच पदर खोचला आणि आरवलीच्या दिशेने तोंड करून गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं खरं तर गावकराने घालायचं आणि बाकीच्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. इथे दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा दोन्ही कामं तिनेच केली.

“बा देवा म्हाराजा, माड पडले, ता जावंदे. आंबे गेले, ते पण जावंदे. पण माझो झील थंय एकटो आसा, तेच्याकडे एक फेरी मार. होय म्हाराजा!”

शेवटचं ‘होय म्हाराजा’ तिने जरा दरडावूनच म्हटलं. कुंपणापलीकडे मी फांद्या तोडत होतो. कोयता थांबवून ऐकत राहिलो. वेतोबा गावचा राखणदार, त्याची हद्द गावापुरती. काकीने त्याला थेट मुंबईला धाडलं होतं.

मुलगा वाचला. पण घरी आला तो निम्मा होऊन, आणि पुढे नोकरीही गेली. माडांच्या जागी लावलेली रोपं अजून गुडघ्याएवढीच होती. ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी देवळं उघडली, तेव्हा काकीने आधी काय केलं असेल तर चपलांची ऑर्डर दिली. पैसे कुठून आणले ते मी विचारलं नाही. एवढंच म्हटलं, की काकी, देवाने तुझं मागणं अर्धंच ऐकलं, मग चपला पुऱ्या कशाला?

ती सुपातले काजू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तेका काय आमचा एकच घर आसा? येताना उशीर झालो आसतलो.”

यावर मला काही बोलता आलं नाही. उशीर झाला म्हणजे निघाला तर होता, हे ती धरूनच चालली होती. तिचा सगळा धीर त्यातच होता.

चपला मात्र तिने डोळे झाकून घेतल्या नाहीत. चर्मकाराकडे जाऊन तळ उलटा करून पाहिला, टाके बोटाने चाचपले, एक पट्टा सैल वाटला म्हणून पुन्हा शिवून घेतला. “दिसाक बऱ्यो आसत,” ती त्याला म्हणाली, “पण तेका चलाचा आसता रे.” आणि मग पन्नास रुपयांवरून अर्धा तास घासाघीस केली.