गिरगावातली ब्लॅकलेटर पाटी

गिरगावातल्या बेकरीच्या पाटीची फाइल आमच्याकडे तयार होऊनच आली होती. इंग्रजी नाव फ्राक्टुरमध्ये, म्हणजे जुन्या जर्मन छपाईतल्या काळ्या, टोकदार ब्लॅकलेटर वळणात, सगळी कॅपिटल अक्षरं. खाली नेहमीच्या फॉन्टातलं मराठी, त्याला जागोजागी पत्त्यांतल्यासारख्या चौकटी चिकटवलेल्या. पूर्ण मापाचा कागदी प्रिंट दुकानावर लावला आणि समोरच्या फुटपाथवरून सहा जणांना वाचायला सांगितलं. चौघांनी पहिलं अक्षर यू वाचलं. होतं ए.

फ्राक्टुरचा कॅपिटल ए आजच्या डोळ्याला यू दिसतोच. शिवाय ही कॅपिटल शब्दाच्या तोंडाशी एकटी उभी राहायला घडलेली. शेजारी शेजारी आली की वेलबुट्ट्या एकमेकींत अडकतात. मालकांना शंका होती, हे हिटलरचं अक्षर तर नाही? त्याच्याच राजवटीने जानेवारी १९४१मध्ये फ्राक्टुर बंद केलं, हे सांगितल्यावर ते निवांत झाले.

आम्ही टेक्स्टुरा घेतलं, ब्लॅकलेटरचंच आणखी जुनं रूप, १४५५च्या सुमाराच्या गुटेनबर्गच्या बायबलचं वळण. एकच कॅपिटल, बाकी लहान अक्षरं, आणि ए ला स्पष्ट आडवी दांडी. लहान अक्षराची उंची पाच निब, म्हणजे निबच्या रुंदीच्या पाचपट. टेक्स्टुरात काळा दांडा आणि मधला पांढरा जवळपास सारखे असतात, खिडकीच्या गजांसारखे. फाइलमध्ये अक्षरांतलं अंतर वाढवलं होतं, त्यामुळे शब्दच फाटला होता.

खरं काम मराठीचं. महाराष्ट्राच्या दुकानांच्या कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनुसार पाटीवर मराठी आधी हवं आणि त्याचा आकार दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. मग सुरुवात तिथूनच करायची. १० मिमी चपट्या निबने ट्रेसिंग पेपरवर निम्म्या मापात लिहायला घेतलं. रोमनसाठी धरतात तशी निब धरली, तर ब च्या पोटाचा खालचा डावा भाग जाड झाला आणि अक्षर परकं दिसायला लागलं. देवनागरी लिहायच्या बोरूचा काप उलट्या कलाचा असतो. निब तशी फिरवली आणि जाडी वरच्या डाव्या अंगाला गेली, जिथे मराठी डोळा ती शोधतो. निबची रुंदी तीच, म्हणून दोन्ही ओळींचा काळेपणा जुळला.

व आणि ब ची पोटं तीन सरळ फटकाऱ्यांत मोडली, पण आत किमान अर्धी निब पांढरं राखलं. त्याहून कमी ठेवलं तर लांबून भरीव ठिपका दिसतो. निब पंचेचाळीस अंशांत धरली की शिरोरेषा दांड्याइतकीच जाड येते आणि डोक्यावर तुळई ठेवल्यासारखी वाटते. ती पाऊण निब केली, दर अक्षरापाशी तिरकी तोडली. अनुस्वार मात्र जसाच्या तसा ठेवला. निब एकदा टेकवली की चौकट उमटते. ती वरून चिकटवावी लागत नाही.

घोटाळा कापताना झाला. ५ मिमी ॲक्रिलिक, त्यात इंग्रजीच्या केसरेघा २ मिमी. लेझरने स्वच्छ कापलं, पण वरचा संरक्षक कागद सोलताना ए ची रेघ कट्‌कन तुटली, मग वाय ची. शीटच्या जाडीपेक्षा बारीक रेघ ॲक्रिलिकमध्ये ठेवायचीच नाही. दोन्ही अक्षरं ६ मिमी रेघांनी पुन्हा काढली, बाकीच्यांच्या रेघाही त्याच मापाच्या केल्या आणि इंग्रजी ओळ नव्याने कापली.

मग नवा कागदी प्रिंट भिंतीला चिकटवून त्यावरूनच स्टडची, म्हणजे अक्षरं धरणाऱ्या खिट्ट्यांची, भोकं पाडली. अक्षरं भिंतीपासून १५ मिमी उचलून बसवली, म्हणजे सावली पडते आणि पावसाचं पाणी मागे अडत नाही.