डंप केक, नववा प्रयत्न: मधला कोरडा डाग गेला

मंडळी, गेला! डंप केक म्हणजे तळाला फळाचं फिलिंग, वर केकचं प्रीमिक्स (तयार कोरडं मिश्रण), त्यावर बटर, आणि न ढवळता तसंच भाजायचं. माझ्या केकच्या मधोमध प्रत्येक वेळी न भिजलेल्या पिठाचा डाग राहत होता. रविवारी दुपारी डिश ओटीजीतून (वर-खाली रॉड असलेल्या छोट्या विजेच्या भट्टीतून) बाहेर काढली, पंधरा मिनिटं कशीबशी थांबलो आणि बरोबर मधोमध चमचा घातला. वरचा पापुद्रा कटकन फुटला, खाली ओलसर चॉकलेट केक, त्याच्या खाली लालभडक स्ट्रॉबेरी. कोरडं पीठ कुठेच नाही. खात्री पटेना म्हणून डिश फिरवून आणखी दोन ठिकाणी चमचा घातला. तिथेही नाही. जानेवारीपासून मी या एका डागाच्या मागे आहे, त्यामुळे आजची नोंद जरा लांबणार.

चौथ्यापासून सातव्यापर्यंतचे प्रयत्न तुम्हाला ठाऊकच आहेत. चौथ्यात बटरच्या पातळ चकत्या लावल्या, तर दोन चकत्यांच्या मधल्या फटीत पीठ तसंच राहिलं. पाचव्यात बटर वितळवून ओतलं. त्याने ओढ्यासारखी स्वतःची वाट काढली आणि आजूबाजूला बेटं कोरडीच राहिली. सहाव्यात तूप घातलं, तो सगळ्यात वाईट निघाला. वरचा थर रव्यासारखा भुरभुरीत झाला. याचं कारण मला नंतर उमगलं. बटरमध्ये साधारण 80 टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेल्यात बरंचसं पाणी. तुपात पाणी जवळजवळ नसतंच. प्रीमिक्समधल्या मैद्याला केक होण्यासाठी पाणी लागतं, नुसत्या तुपाने तो फक्त भाजला जातो. तुपाचा वास मात्र सुंदर आला होता. आईने तो चुरा दुधात घालून खाल्ला आणि वाईट म्हणाली नाही, पण तो डंप केक नव्हता.

सातव्यात फ्रीझरमधलं कडक बटर किसणीवर किसून पसरलं. हा उपाय खरंच चांगला आहे आणि मी तो आता सोडणार नाही. कडा, कोपरे, सगळं व्यवस्थित भिजलं. फक्त मधोमध तळहाताएवढा डाग उरला. फिकट, कोरडा, फुंकर मारली तर उडेल असा. त्या दिवशी मी ओटा आवरला आणि दोन आठवडे प्रीमिक्सच्या खोक्याकडे बघितलंही नाही.

कोंडी फुटली ती फोनवर. मूळ कृती माझ्या एडिसनच्या मावसबहिणीची, हे आधी सांगितलंय. चेरी पाय फिलिंगचे दोन डबे, वर चॉकलेट केक मिक्सचं एक खोकं, वर बटर, ढवळायचं नाही, 350 फॅरनहाइटला भट्टीत. ती न्यू जर्सीत हे वर्षानुवर्षं करते आणि तिचा एकदाही फसलेला नाही. मी तिला बटरची सगळी रडकथा ऐकवली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, पण तुझा टिन केवढा आहे?"

"आठचा. चौकोनी."

"आणि खोकं अख्खं घालतोस?"

"तूच लिहिलंयस ना, एक खोकं."

"माझा टिन नऊ बाय तेराचा आहे रे."

मी फोन ठेवला आणि वही उघडली. नऊ गुणिले तेरा म्हणजे 117 चौरस इंच. माझा आठ बाय आठ, म्हणजे 64. जेमतेम निम्म्याहून थोडा जास्त. तिच्याकडचं खोकं 15.25 औंसांचं, म्हणजे 432 ग्रॅम. तिच्या टिनमध्ये एका चौरस इंचावर पावणेचार ग्रॅमच्या आसपास पीठ पडतं. मी 400 ग्रॅमचं अख्खं खोकं माझ्या टिनमध्ये ओतत होतो, म्हणजे सव्वासहा ग्रॅम! तिचा थर एक सेंटीमीटरचा, माझा पावणेदोनच्या घरात. वरून बटर आणि खालून फळाची वाफ, दोघांनी कितीही जोर लावला तरी मधलं पीठ त्यांच्या हाती लागणारच नव्हतं. सहा-सात वेळा मी बटरला दोष दिला आणि चूक पिठाच्या जाडीची होती.

इथे एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. जुन्या अमेरिकन कृतींमध्ये 'एक खोकं' लिहिलेलं असतं तेव्हा ते बहुतेक वेळा 18.25 औंसांचं, म्हणजे 517 ग्रॅमचं असतं. नंतर कंपन्यांनी खोकी लहान केली, कृती तशाच राहिल्या. आपल्याकडच्या खोक्यांची वजनं तर आणखीनच वेगळी. म्हणून माझ्यापुरता नियम ठरवून टाकला: खोकं मोजायचं नाही, ग्रॅम मोजायचे. आठ इंची टिनला 240 ग्रॅम प्रीमिक्स, 90 ग्रॅम बटर, साखरेसकट साडेसहाशे ग्रॅम फळ. उरलेलं प्रीमिक्स घट्ट झाकणाच्या डब्यात.

मग आठवा प्रयत्न. गणित बरोबर, म्हणून मी निर्धास्त होतो आणि तिथेच घात झाला. फिलिंग आधी शिजवलं तर घट्ट होतं आणि वाफ अडते, असा माझा अंदाज होता. म्हणून स्ट्रॉबेरी कच्चीच चिरून, साखर लावून, कॉर्नफ्लोअर न घालता तळाला पसरली. स्ट्रॉबेरीत नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं. विसाव्या मिनिटाला डाव्या बाजूने रस उसळून वर आला आणि तिथलं पीठ लापशी झालं. उजवीकडे बरा केक. मध्ये पुन्हा डाग, या वेळी पाच रुपयांच्या नाण्याएवढा. चव उत्तम होती, पण वाढायला घेतल्यावर ताटलीत सगळं वाहून गेलं. शिवाय जिथे रस आणि पीठ एकत्र आले होते तिथे राखाडी-जांभळा रंग उतरला होता. तो प्रीमिक्समधल्या सोड्याचा प्रताप. स्ट्रॉबेरीचा लाल रंग आंबटात टिकतो, सोडा लागला की निळसर पडतो. लिंबू पिळलं की हे बरंच आवरतं, पण आठव्यात मी लिंबू विसरलो होतो.

पण हा मधला डाग नेहमी मध्येच का? लापशीच्या दिवशी हा प्रश्न डोक्यात बसला. काट्याचा थर्मामीटर घेऊन सातव्याची फिलिंगची कृती पुन्हा केली, प्रीमिक्सशिवाय, नुसतं फळ. फ्रिजमधलं थंड फिलिंग टिनमध्ये, टिन ओटीजीत. पंचविसाव्या मिनिटाला कडेला 97 अंश, बुडबुडे येत होते. आपल्या साताऱ्यात उंचीमुळे पाणी 97-98 लाच उकळतं, म्हणजे कडेला चांगलीच उकळी होती. मधोमध मात्र 61! कडेचं फळ उकळून वाफ वर पाठवत होतं, मधलं अजून कोमटाच्या थोडं वर. तोपर्यंत वरच्या रॉडने मधलं पीठ भाजून कडक केलेलं. नंतर खालून वाफ आली तरी उपयोग काय?

म्हणजे फिलिंग गरम घालायला हवं. इतकं साधं! न्यू जर्सीच्या डब्यातलं असो की भिलारच्या शेतातलं, फळ उकळत्याच्या जवळ असतानाच त्यावर पीठ पडलं पाहिजे.

तर नववा असा केला. 550 ग्रॅम स्ट्रॉबेरी. मार्चात पाचगणी-भिलारकडून बारीक माल येतो, तोच घेतला. डिसेंबरातल्या मोठ्या, देखण्या फळापेक्षा या कामाला हाच बरा, कारण तो आंबट असतो आणि शिजून अंगचा रस सोडतो. निम्मी फळं 80 ग्रॅम साखर, अर्ध्या लिंबाचा रस आणि 12 ग्रॅम कॉर्नफ्लोअर लावून जाड बुडाच्या पातेल्यात शिजवली. कॉर्नफ्लोअर आधी दोन चमचे पाण्यात कालवून घ्या, नाहीतर गुठळ्या होतात. रस चकचकीत झाला आणि उलथनं ओढल्यावर तळाची वाट क्षणभर दिसून लगेच बुजली, तिथे गॅस बंद. याहून घट्ट करू नका. सहाव्यापर्यंत मी मुरंब्याएवढं घट्ट करत होतो. बंद करताच उरलेली निम्मी कच्ची फळं आत ढकलली आणि सगळं गरमागरम डिशमध्ये ओतलं. काचेची डिश आधी गरम पाण्याने शेकवून घेतली होती, थंड काचेत उकळतं ओतायची जोखीम नको.

त्यावर 50 ग्रॅम डार्क चॉकलेटचे बोटाच्या पेराएवढे तुकडे. मग 240 ग्रॅम प्रीमिक्स चाळणीतून, हलक्या हाताने, सगळीकडे सारखं. चाळणं महत्त्वाचं आहे, गुठळीच्या आत पाणी शिरत नाही. मग पळीच्या दांड्याने नऊ भोकं पाडली, तीन ओळींत तीन, तळच्या रसापर्यंत. वाफेला वाट मिळावी म्हणून. वर किसलेलं बटर. 175 अंश, मधली जाळी, पहिली 25 मिनिटं फक्त खालचा रॉड, पुढची 20 दोन्ही.

अठराव्या मिनिटाला पहिल्या भोकातून लाल बुडबुडा वर आला. तो मधल्या ओळीतला होता! मी ओटीजीसमोर पाटावर बसून होतो. एकेक करत नऊच्या नऊ भोकांतून रस डोकावला, भोवतीचं पीठ गडद होत गेलं आणि ते गडद गोल हळूहळू एकमेकांना भिडले. इतकं समाधान मला गेल्या वर्षीच्या पावाच्या पहिल्या जाळीनेही दिलं नव्हतं.

साधनांबद्दल दोन शब्द. ॲल्युमिनियमचा टिन मी या कामापुरता बाद केलाय. आंबट फळ त्यात रात्रभर राहिलं की धातूची चव उतरते, सातव्यात ती स्पष्ट लागली. काचेची डिश घ्या, बोरोसिलची चौकोनी माझ्याकडे आहे. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे तळ दिसतो. उकळी कुठवर पोचली ते अंदाजाने ठरवावं लागत नाही. दुसरं, ओटीजीच्या बटणावर विश्वास ठेवू नका. माझ्या बटणावर 175 असतं तेव्हा आत टांगलेला थर्मामीटर 195 दाखवतो. हा छोटा थर्मामीटर सगळ्या साच्यांच्या आधी विकत घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

चॉकलेट कंपाउंड चालेल का, असं दोघांनी विचारलं होतं. चालेल, पण मी घालणार नाही. त्यात कोको बटरच्या जागी वनस्पती तेलं असतात. आंबट स्ट्रॉबेरीसोबत ती टाळूला चिकटून राहतात आणि फळाची चव दबते. इथे चॉकलेट थोडंच लागतं, तेवढं खरं वापरा. बटर मात्र मिठाचंच घ्या. अमूलची साधी वडी. चॉकलेटला ते मीठ फार छान लागतं, वेगळी चिमूट घालावी लागत नाही.

सुट्या प्रीमिक्सबद्दल: बेकरी सामानाच्या एका दुकानातून किलोची पिशवी आणली होती. त्यात खडे झाले होते आणि खवट वास येत होता. परत घेतली नाही. तेव्हापासून मी तारीख छापलेलं बंद खोकंच आणतो.

आता पुढचं. दहावा प्रयत्न हापूसचा करायचा असं मागेच जाहीर केलं होतं. पण हे लिहिता लिहिता मन बदलतंय. हापूस शिजवला की त्याचा जीवच जातो, आणि चॉकलेटपुढे तर तो मऊ पडेल. या केकला आंबट, गडद, रस सोडणारं फळ लागतं. तिकडे चेरी वापरतात ती त्याचसाठी. मग आपल्याकडे तसं काय आहे? तुती आहे, महाबळेश्वरात आत्ता मिळते, पण आंबटपणा कमी. आणि मग एकदम डोळ्यांपुढे आली करवंदं! काळीभोर, पिकलेली, वैशाखातली. आंबट-गोड, रसाने बोटं जांभळी होतात. चॉकलेटबरोबर याहून चांगली जोडी मला सुचत नाही.

अडचण बियांची आणि चिकाची. पूर्ण पिकलेल्या करवंदात चीक कमी असतो, शिवाय मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून धुता येतील. बिया काढायला मी आधी सुरी धरून एकेक चिरायचं म्हणत होतो. पण त्याऐवजी अर्धी करवंदं वाफवून पुरणयंत्रातून काढली तर? गर खाली, बिया वर. तो गर कॉर्नफ्लोअर लावून शिजवायचा आणि उरलेल्या अर्ध्यांच्या बिया हाताने काढून ती अख्खी घालायची. म्हणजे आजच्यासारखंच निम्मं शिजलेलं, निम्मं कच्चं. साखर मात्र वाढवावी लागेल, शंभर ग्रॅमपासून सुरुवात करेन. कास-बामणोलीकडच्या कोणी करवंदं शिजवून पाहिली असतील तर साखरेचं प्रमाण सांगा. माझ्या आजोळी ती कच्ची लोणच्यात आणि पिकलेली थेट तोंडात जायची, मध्ये पातेलं कधी आलंच नाही.

तोवर स्ट्रॉबेरी संपायच्या आत साठवून घेतोय. आज मंडईतून 2 किलो बारकी आणली. देठ काढून, पुसून, ताटात सुटी सुटी मांडून फ्रीझरमध्ये गेली आहेत. कडक झाली की पिशवीत भरेन, प्रत्येक पिशवीत 550 ग्रॅम. गोठवलेलं फळ जास्त पाणी सोडतं, म्हणून पिशवीवर चिठ्ठी लावणार आहे: कॉर्नफ्लोअर 15 ग्रॅम, 12 नाही.