उन्हाळ्यात वॉटर पार्कला निघण्याआधी मुलांची उंची मोजा

कालच परतलो. तळपायाला दोन फोड आलेत, तरी आजच लिहितोय, कारण सुट्टी संपायच्या आत बरेच जण निघतील.

तिकिटावर ‘सर्व राइड्स समाविष्ट’ असं स्वच्छ लिहिलं होतं. आत गेल्यावर कळलं, लॉकरचे पैसे वेगळे, स्लाइडच्या ट्यूबचे वेगळे आणि सुती कपडे पाण्यात चालत नाहीत म्हणून नायलॉनचा कॉस्च्यूमही भाड्याने. चौघांचा वरखर्च जवळजवळ एका तिकिटाएवढा झाला. आधी फोन करून या तिन्ही गोष्टी नाव घेऊन विचारा. नुसतं ‘सगळं धरून ना?’ विचारलंत तर ‘हो’ म्हणतात. आम्हाला म्हणाले.

पण खरा छळ मोठ्या स्लाइडच्या रांगेचा. दुपारी एकला उभे राहिलो. डोक्यावर छप्पर नाही, खाली काँक्रीट, पुढे लोखंडी जिना आणि चपला खालीच काढायच्या. आधीच्या लोकांच्या अंगावरून पाणी निथळून जिथे ओल राहिली होती तेवढीच जागा गार. जो तो तिथेच पाय टेकायला बघत होता. आठ वर्षांचा भाचा सारखा पाय उचलत होता. तासाभराने वर पोचलो, तर तिथल्या मुलाने त्याला पट्टीला उभं केलं. ११८ सेंटिमीटर. हवी १२०. त्याच जिन्याने, वर येणाऱ्यांना चुकवत परत खाली. पोराचं तोंड बघवत नव्हतं.

नियम बरोबरच आहे. खालच्या पाण्यात उभं राहता येणं, रोलर कोस्टरचा बार अंगावर नीट बसणं, सगळं उंचीवरच ठरतं. पण पट्टी रांगेच्या तोंडाशी हवी, शेवटाला नव्हे!

म्हणून घरीच मोजा, अनवाणी, टाच भिंतीला लावून. मोठी स्लाइड दार उघडल्या उघडल्या उरका. दुपारी बारा ते तीन त्या जिन्याकडे फिरकू नका. वॉटर रेझिस्टंट सनस्क्रीनच्या बाटलीवर किती मिनिटं लिहिलीत ते बघा, बहुधा ४० किंवा ८०; तेवढ्या वेळाने पुन्हा लावा. आणि वेव्ह पूलपाशी क्लोरीनचा उग्र वास आला तर पाणी स्वच्छ आहे असं समजू नका. क्लोरीन घाम-लघवीत मिसळून क्लोरामाइन तयार होतं, वास आणि डोळ्यांची चुरचुर त्याचीच. आम्ही मुलांना लगेच बाहेर काढलं.

सकाळचे पाळणे वगैरे छान होते.

संध्याकाळी पाचनंतरचा रोलर कोस्टर मात्र अजिबात चुकवू नका, आणि बसा शेवटच्या डब्यात. पुढचे डबे उताराला लागले की मागच्याला ओढतात, त्यामुळे माथ्यावरून तो जास्त वेगात सुटतो आणि अंग सीटवरून उचललं जातं. सलग तीनदा बसलो, थकवा कुठल्या कुठे गेला. तिथे उंची ११० लागत होती. भाचा कुणी सांगायच्या आत पट्टीला टाच लावून उभा राहिला.