रूट कॉजमध्ये आपलंच नाव

बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, एका मशीन शॉपला क्वालिटीत आहे मी, तयार जॉब मोजून पास करायचं काम, बारा वर्षं झाली. कंपनीचं नाव सांगत नाही, गरज पण नाही. एप्रिलमधला मंगळवार होता, सकाळचा चहा पण झाला नव्हता आणि कोल्हापूरच्या कस्टमरचा फोन आला, कालच्या लॉटमध्ये प्लग गेजची गो साईड आत जात नाही, म्हणजे भोक लहान आहे म्हणून. बीडाचं (ओतीव लोखंडाचं) हाउसिंग, बोअर म्हणजे आतलं गोल भोक ६२ एच-७, म्हणजे ६२.००० ते ६२.०३० मिलिमीटर चालतं, खाली एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, गेलात तरी जॉब बाद. लॉटमध्ये ६४ जॉब पाठवले होते आणि रिपोर्टवर खाली सही माझी.

फोन ठेवला आणि डोक्यात सुरू झालं. झालं बघ. तुला हे कधी जमतच नव्हतं, एवढी वर्षं नशिबानं निभावलं, आज उघडं पडलं. गंमत म्हणजे हा आवाज माझा नाहीच, माझ्या पहिल्या नोकरीतल्या सुपरवायझरचा आहे. "बाईमाणसाला मायक्रॉन दिसतोय होय?" म्हणून तो सगळ्यांसमोर हसला होता. तो कधीच्या काळी नोकरी सोडून गेला, कुठं असतो माहीत नाही, आवाज तेवढा माझ्याकडंच राहिला.

तेवढ्यात मशीन लावून देणारा सेटर पोरगा फर्स्ट पीस, म्हणजे तपासायचा पहिला जॉब, घेऊन आला. ज्यांनी बोअर गेज वापरलाय त्यांना कळेल, गेज आत घालून हळूहळू झुलवायचा, काटा एका बाजूला सरकत जातो आणि एका जागी थांबून उलटा फिरतो, जिथनं फिरतो ते रीडिंग. हजारो वेळा केलंय, झोपेत पण करीन. त्या दिवशी काटा कुठनं फिरतोय तेच कळेना. एकदा अधिक आठ मायक्रॉन दिसतंय, एकदा अधिक बारा, परत आठ. मास्टर रिंगवर, म्हणजे नेमक्या मापाच्या कडीवर, झिरो लावला, परत बघितलं, परत झिरो लावला. पोरगा म्हणाला, "किती वेळा मोजूलीस अक्का? मशीन थांबलंय की." ओके म्हणायला तोंड उघडेना माझं. सरळ उठले आणि बेसिनवर जाऊन नळ सोडून उभी राहिले.

आमच्यात एक येळ्ळूरचे काका आहेत, रिटायरला आले, सगळ्यात जुने सेटर. ते मागनं आले, काय झालं वगैरे विचारलंच नाही. "किती जॉब बाद झालेत?"

म्हटलं, "सगळे."

"सगळे म्हंजे किती? मोजून सांगितलंय काय त्यानं?"

नव्हतं सांगितलं. मीच धरून चालले होते ६४ म्हणून, आणि ६४ वरनं बारा वर्षं. कस्टमरला परत फोन लावला, तो म्हणाला थांबा मॅडम, आणि दहा मिनिटांनी आकडा आला, ११. काही चांगलं नव्हतं ते, ११ जॉब बोअर लहान म्हणजे परत आणून दुरुस्त करायचे, गाडीभाडं, शिव्या. खरं सांगू, तो आकडा ऐकल्यावर पाय जरा जमिनीवर आले. ११ म्हणजे मोजता येणारी गोष्ट.

दुपारी व्हाय-व्हायला बसलो. कंप्लेंट आली की का, का, का असं पाच वेळा विचारत खाली रूट कॉजपर्यंत, म्हणजे मूळ कारणापर्यंत जायचं, ज्यांच्याकडं ही भानगड असते त्यांना सांगायला नको. पहिल्याच ओळीत मी लिहिलं, 'इन्स्पेक्टरचं दुर्लक्ष'. सरांनी पेन मागून घेतलं आणि ती ओळ खोडली. म्हणाले, "हे तुम्हीच पोरांना शिकवता ना, निष्काळजीपणा हे रूट कॉज नव्हे म्हणून?" शिकवते की. कुणा ऑपरेटरनं 'माझी चूक' लिहून सुटायला बघितलं तर फॉर्म परत त्याच्याच हातात देते मी. आणि स्वतःच्या बाबतीत सकाळपासनं तेवढंच एक उत्तर घेऊन बसले होते, खालचे चार का विचारलेच नव्हते.

विचारल्यावर निघालं ते असं. इन्स्पेक्शन रूमचा एसी चार दिवस बंद, म्हणून टेबल मशीनजवळ आणलेलं, डिस्पॅचची घाई, जॉब बोअरिंग होऊन तसाच गरम माझ्या हातात. मोजमाप धरायचं २० डिग्रीला, आणि बीड गरम झालं की बोअर मोठा होतो. ६२ च्या बोअरला एका डिग्रीला अर्ध्या मायक्रॉनच्या वर, म्हणजे जॉब मास्टरपेक्षा पंधरा डिग्री गरम असला की जवळजवळ दहा मायक्रॉन. काकांनी मशीनवरनं एक जॉब काढून आणला, हाताला चटका नाही पण चांगला कोमट. अधिक चार दिसलं. तोच जॉब मास्टर रिंगशेजारी तासभर ठेवून परत मोजला, वजा पाच. म्हणजे काल मला दिसलं ते बरोबरच होतं, जॉबच उद्या तसा राहणार नव्हता. आता हे मला ठाऊक होतं, आणि थांबायला पाहिजे होतं, तेवढं माझं आहेच, ते मी फॉर्मवर लिहिलं पण. चौथ्या ओळीत, पहिल्या नाही.

घरी मिस्टर म्हणाले, पॉझिटिव्ह विचार कर. आरशासमोर 'मी हुशार आहे' म्हणून बघितलं, आतला सुपरवायझर आणखी मोठ्यानं हसला. हे प्रकरण निदान माझ्या उपयोगाचं नाही. भाची धारवाडला सायकॉलॉजीत एमए करते, तिला सगळं सांगितलं तर म्हणाली, मावशी हे तर सीबीटीच केलंत तुम्ही, विचार तपासून बदलायची मानसोपचाराची पद्धत. म्हटलं, बस स्टँडचा काय संबंध? बेळगावात मुख्य बस स्टँडला सीबीटी म्हणतात, त्यामुळं आम्हाला बसच आठवते. मग तिनं सांगितलं, अमेरिकेतले आरन बेक म्हणून डॉक्टर होते, त्यांच्या १९६० च्या दशकात लक्षात आलं की उदास माणसाच्या डोक्यात असले विचार आपोआप, झटक्यात येतात आणि तो ते तपासल्याशिवाय खरे धरतो. तपासायचे कसे, तर विचार लिहायचा, बाजूने काय पुरावा, विरुद्ध काय, आणि मग काय म्हणता येतं. म्हणजे आमचा फॉर्मच की. झोप उडाली, खाणंपिणं सुटलं तर नुसत्या फॉर्मवर राहू नका म्हणाली आणि माझ्या मोबाईलमध्ये टेली-मानसचा, मानसिक त्रासात फोन करून बोलायचा नंबर १४४१६ सेव्ह करून दिला, सरकारचा आहे, फुकट. अजून लावायची वेळ आली नाही, आहे म्हणून बरं वाटतं.

आवाज येतो अजून. डिस्पॅचच्या दिवशी तर हमखास. गेट पासच्या पाठीमागं लिहिते, 'म्हणतोय जमत नाही', आणि विचारते, किती जॉब? मग झिरो एकदाच लावते. दोनदा लावायला हात जातोच, नाही म्हणत नाही.

आणि तो एसी, ज्याच्यासाठी मी चार दिवस मागं लागले होते, तो फॉर्म वर गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दुरुस्त.